कुलूपबंद कागद

औषधांच्या दुकानापुढच्या रांगेत तान्ह्याला खांद्यावर थोपटत उभ्या असलेल्या आईच्या पुढे दोघी जावा होत्या. धाकटी एका मोठ्या वकिली कंपनीत कारकून होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

“सगळ्यांचे कागद एकत्र सापडावेत म्हणून नवी सिस्टीम आणली, जाऊबाई. पहिल्याच दिवशी प्रत्येक साहेबानं आपापल्या कागदांना पासवर्डचं कुलूप ठोकलं!”

“कुणापासून लपवायचं?”

“शेजारच्या खोलीतल्या साहेबापासून. अशील पळवतील म्हणे!”

“शहाणेच आहेत सगळे.”

“आता आमचे साहेब ऑपरेशन होऊन बेशुद्ध. उद्या एका बाईच्या मुलाच्या ताब्याची सुनावणी, आणि सगळे पुरावे कुलपात.”

“पासवर्ड तुला नाही दिला?”

“छे! बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणाले.”

“मग पुढची तारीख घ्या.”

“तोवर बाप पोराला घेऊन परदेशी जाईल. धाकटे साहेब मला म्हणतात, तिला सांग, सिस्टीम बिघडली.”

“सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. म्हटलं, घरी असतील ते कागद घे आणि आजच दुसरा वकील गाठ.”

“अगं, नोकरी जाईल तुझी!”

“गेलीसुद्धा, दुपारीच. तेवढ्यासाठी मात्र सगळे साहेब एका खोलीत जमले हो!”