राजपुऱ्याला उतरले असते तर

मालतीवहिनी, गुरबचनजी आणि जमलेले सगळे, कर्फ्यूची सूट संपायच्या आत घरी पोहोचायचं असतानाही तुम्ही आलात. मला बोलायला उभं केलंय. पण काय बोलू? सगळं उलटसुलट होतंय डोक्यात.

मंगळवारी टिळेकर सर पतियाळ्याहून बसनं परत येत होते. राजपुरा सोडल्यावर अतिरेक्यांनी बस अडवली. गोळ्या झाडल्या, त्यात सर गेले. एवढंच कळलंय. का, ते मला अजून कळत नाही.

सर इतिहास शिकवायचे. आमची घरं एकाच जिन्यावर, त्यामुळे कर्फ्यूतही त्यांच्याकडे जाता यायचं. वहिनी पोहे करायच्या आणि सर खेळ मांडायचे. ‘फ्रान्स पडला. ब्रिटननं हिटलरशी तह केला आणि महायुद्धातून अंग काढून घेतलं. बोला, पुढे काय?’

गुरबचनजी, तुम्ही विचारलंत, ‘सरजी, अंग्रेज इतनी जल्दी थक जाता, तो मेरा लाहौरवाला घर बच जाता?’

सर म्हणाले, ‘ले लो जी, पक्का! पर फिर मेरे सामने कौन रहेगा?’

किती हसलो होतो!

मी म्हटलं, मग माझे वडील ब्रह्मदेशात लढायला गेलेच नसते. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. सर हळूच म्हणाले, ‘ताई, आले तुमचे वडील घरी. आता त्या तहामुळे हिटलरच्या तावडीत कोण राहिलं, तेही सांगा.’

हाच त्यांचा नियम. एकाला वाचवलंत, तर त्याच्या जागी कोण गेलं ते सांगायचं.

परवा वहिनींनी माझा हात धरून विचारलं, ‘राजपुऱ्याचा यांचा एक विद्यार्थी नेहमी म्हणायचा, चहाला उतरा. हे उतरले असते तर हो?’

मी मनातल्या मनात सरांना उतरवलं. लगेच नियम आठवला. बस तर भरलेली. उभं असलेलं कुणीतरी त्या जागेवर बसलंच असतं. कोण? एखादी बाई? लेकरू? सर, कुणाला बसवू मी तिथं?



आता सगळे उठूया. थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. सर, रागावू नका, आज एकदाच तुमचा नियम मोडते.

वहिनी, डोळे मिटा. राजपुरा आलाय. सर पिशवी घेऊन उतरताहेत. आणि त्यांच्या जागेवर कुणीही बसत नाहीये.