राजवाड्याच्या दारातल्या चपला

त्या राजवाड्याच्या हॉटेलाचं नाव माझ्यासमोर काढू नका, आधीच सांगतो! आमच्या हापिसातल्या साहेबांच्या पोरीच्या रिसेप्शनला तिथं तीर्थपुरीच्या काकांना घेऊन गेल्तो. दगडी महादरवाजा अन् दोन्ही बाजूंच्या दीपमाळा बघून काकांनी पायरीला हात लावून कपाळाला लावला, अन् चपला बाहेरच काढल्या.

आत मॅनेजर पाहुण्यांना इतिहास सांगून राह्यला होता, "राजेसाहेबांच्या काळात ह्या संगमरवरावर कुणी पायताण घालून येत नव्हतं." अन् स्वतःच्या पायात चकचकीत बूट!

काका खूश. "बघ, मी बराबर केलं."

जेवून बाहेर आलो तर चपला गायब. वॉचमन म्हणतो, "कचऱ्यात टाकल्या. दारात बऱ्या दिसत न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. मॅनेजरला म्हणलं, "आत्ता तुम्हीच काय सांगत होता?"

"सर, तो इतिहास आहे," म्हणे. वर मेहेरबानी करून खोलीतल्या पांढऱ्या सपाता दिल्या.

फाटकापाशी त्याच वॉचमननं अडवलं, "बाबा, हॉटेलच्या सपाता बाहेर न्यायच्या न्हाईत."

काकांनी तिथंच काढून त्याच्या हातात ठेवल्या. "घे. तुझ्या राजेसाहेबांच्या पायात घाल."