भावपूर्णच्या पुढचं कुलूप

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही घोटभर पाणी घ्या. मला एक सांगा, माणूस जातो केव्हा?

हसू नका! श्वास थांबला की जातो, हे सांगायला कीर्तनकार कशाला लागतो? मी विचारतोय, माणूस आपल्यातून जातो केव्हा? नाही ना सांगता येत? मलाही धड येत नव्हतं. मग मला केरबा मिस्त्रीची गोष्ट कळली, आणि जेवढं कळत होतं त्याचाही पार गोंधळ झाला! ऐका.

निंबगावचा केरबा मिस्त्री. गवंडी माणूस. त्यानं ओळंबा धरला की भिंत सरळ, पण तो स्वतः रुसला की वाकडाच! त्याचा जिवलग मित्र सात किलोमीटरवर, करंजवाडीत. निवृत्ती भिसे, 'दैनिक पंचक्रोशी'चा वार्ताहर. दोघं एका ताटात जेवलेले. आणि अकरा वर्षं बोलणं बंद! कशावरून? बांधावरून? नाही. मतदानावरून? नाही हो! एका शब्दावरून. कुठल्या? 'आदी'!

झालं असं की, निंबगावच्या शाळेची कमान केरबानं बांधली. एक पै घेतली नाही. उद्घाटन झालं, निवृत्तीनं बातमी दिली — 'याप्रसंगी सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, पतसंस्थेचे चेअरमन आदी मान्यवर उपस्थित होते.' केरबानं बातमी तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. नाव नाही! "कमान बांधली मी, आणि मी आदीत?" संपलं! त्या दिवसापासून निवृत्ती त्याला मेला.

काय? पुढच्या रांगेतले अण्णा मान हलवतायत. तुम्ही किती वेळा 'आदी'त गेलात, अण्णा?

असो. पुढं काय झालं, छापील अंक निंबगावात यायचा बंद झाला. घेणारे चारच उरले, गाडी कोण पाठवणार? मग केरबा मोबाइलवर वाचायला लागला. फुकट! रोज सकाळी चहा आणि पंचक्रोशी. आणि मंडळी, बातमी तो वाचतच नव्हता बरं का! सरकवत सरकवत थेट तळाला जायचा. तिथं लिहिलेलं असायचं — 'वार्ताहर : निवृत्ती भिसे, करंजवाडी.' एवढं दिसलं की फोन बाजूला. तोंडानं काय म्हणायचा? "लिहितोय अजून, मेला!" आता सांगा, हे भांडण की माया? मला तर कळत नाही.

आणि एक तारखेला पेपरनं बातम्यांना कुलूप घातलं! पाच-सहा शब्द दिसायचे, मग कुलपाचं चित्र, खाली — 'पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा.' केरबा भडकला. "ऊन फुकट, वारा फुकट, अन् बातमीला पैसे?" आठ दिवस गेले. नाव दिसेना. चहा गोड लागेना.

नवव्या दिवशी सकाळी फोन उघडला, आणि हातातली बशी खाली ठेवली. 'ज्येष्ठ वार्ताहर निवृत्ती भिसे यांना भावपूर्ण…' आणि कुलूप!

मंडळी, 'भावपूर्ण'च्या पुढं काय येतं? बोला! … श्रद्धांजली! बघा, सगळं देऊळ एका तोंडानं बोललं!

केरबाची सून शालन. चांगली शिकलेली पोरगी. म्हणाली, "मामंजी, महिन्याचे एकोणपन्नास रुपये आहेत. भरू का? पुरतं कळेल तरी."

"नको! नको म्हणतो ना!"

खरं सांगू? त्याला पैशाची भीती नव्हती, पुढच्या शब्दाची होती. कुलूप आहे तोवर निवृत्ती अर्धा तरी जिवंत आहे, असं त्याला वाटलं असेल. कुणास ठाऊक!

उठला, बाबूच्या सलूनात गेला. तिथं तर परिषदच भरली! एक म्हणाला, "स्वागत असेल." बाबू वस्तरा थांबवून म्हणाला, "खुळा का काय? स्वागत हार्दिक असतं! सत्कार जाहीर असतो! भावपूर्ण म्हणजे माणूस गेलाच." एक शहाणा म्हणाला, "केरबा, फोन लाव की!" फोन लावायचा, आणि त्यानंच उचलला तर? काय विचारायचं — मेलास का म्हणून?

शेवटी केरबानं पांढरी टोपी घातली, एक हार घेतला, शालनला बरोबर घेतलं आणि वडापच्या जीपनं करंजवाडी गाठली. निवृत्तीच्या दारात बघतो तर मांडव! खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. ओसरीवर निवृत्तीचा मोठा फोटो — आणि फोटोला हार!

केरबानं टोपी काढली. तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "निवृत्ती! अरे, एका शब्दापायी अकरा वर्षं घालवली रे! आदी तर आदी! तुझ्या बातमीत होतो, हे काय थोडं होतं? एकदा ऊठ रे!"

तर आतून आवाज आला, "कोण गेलं रे सकाळी सकाळी?"

एका गालाला साबण, एक गाल गुळगुळीत, खांद्यावर टॉवेल. निवृत्ती!

"तू गेलास!" केरबा ओरडला.

"मी? मी तर दाढी करत होतो!"

"मग हा मांडव? हा हार?"

"काल सत्कार झाला, गळ्यातला हार काढून फोटोला अडकवला. चाळीस वर्षं भरली, आता थांबलो. बातमी नाही वाचलीस? 'निवृत्ती भिसे यांना भावपूर्ण निरोप'!"

निरोप! मंडळी, निवृत्ती निवृत्त झाला होता हो! आणि आपण सगळे मिळून त्याला पोचवून आलो! तुम्हीसुद्धा, मघाशी, मोठ्यानं!

केरबा आधी हसला, मग चिडला. "पुढं कुलूप होतं! माणसं मरतील अशानं!"

निवृत्तीनं साबणाचा गाल पुसला. "मी तरी काय सांगू? चाळीस वर्षं सायकल हाणून बातम्या आणल्या, चहापाण्याइतकं मानधन. फुकट वाचणारे हजार, पेपर घेणारे चार. मालक म्हणाला, कुलूप घातलं नाही तर कचेरीलाच घालावं लागेल. चूक का बरोबर, मला नाही कळत, केरबा. ही शेवटची बातमी मीच लिहिली. पण माझ्याही फोनात उघडत नाही!"

शालन कोपऱ्यात उभी राहून फोनवर काही करत होती. म्हणाली, "मामंजी, भरले मी. उघडलं." आणि वाचायला लागली. निरोप, शाल, श्रीफळ, भाषणं… "कार्यक्रमास सरपंच, मुख्याध्यापक, ग्रंथपाल, टपाल खात्याचे…" अशी एकवीस नावं. कुठं 'आदी' नाही! शेवटच्या ओळीला पोरीचा आवाज अडखळला.

"वाच की!" केरबा म्हणाला.

"'निंबगाव येथील शाळेच्या कमानीचे कारागीर केरबा मिस्त्री अनुपस्थित होते.'"

आलेल्यांची नावं सगळेच छापतात हो. न आलेल्याचं कुणी छापलेलं ऐकलंय? अकरा वर्षांनी केरबाचं नाव पेपरात आलं — न आल्याबद्दल!

केरबानं हातातला हार बघितला. फोटोला घालायला आणलेला. तो त्यानं निवृत्तीच्या गळ्यात घातला, साबणासकट. म्हणाला, "दुरुस्ती छाप. आला म्हणून."

"कुठं छापू? मी निवृत्त झालो ना!"

तर मंडळी, बातमीला कुलूप असावं का नसावं? मला विचारू नका, माझाच गोंधळ आहे. पण सात किलोमीटरचा रस्ता तर उघडा होता ना? त्याला कुणी कुलूप घातलं होतं? एक मात्र समजलं. निवृत्ती गेलाच नव्हता. अकरा वर्षं गेलेला होता तो केरबा!

आता मोबाइल खिशात ठेवा आणि मनाशी बघा. कुठल्या तरी ओसरीवर एक यादी लिहिलेली आहे, आणि तिच्या शेवटच्या ओळीत, 'अनुपस्थित' म्हणून, तुमचं नाव आहे. सकाळी पहिली जीप सहाला सुटते. आरतीला उभे राहा.