हातानं द्यायचं लेकरू

(मानवत, १९८४. वकिलांची बैठक. समोर केवळाबाई आणि तिची धाकटी बहीण बानूबाई. बाहेर अंगणात चार वर्षांचा बन्सी खेळतोय.)

दिनकरराव वकील: तसं नाही चालत, केवळाबाई. तुमचे मालक दत्तराव मस्कतला कामाला, तुम्हाला तिकडं नेणार. पण बन्सीला न्यायचं तर कायद्यानं आई तुम्ही पाहिजेत. दत्तक झाला तेव्हा त्याला तुमच्या ओटीत घातलं कोणी?

केवळाबाई: कुनीच न्हाई. बाराव्या दिवशी मीच पाळण्यातून उचलला, त्याच्या जागी नारळ ठेवला. आमच्या घरात असंच करतेत. आईनं हातानं लेकरू देऊ न्हाई म्हनतेत.

वकील: म्हणजे तुम्ही घेतलं, दिलं कोणी नाही. कायद्याला देणं लागतं. जन्म देणाऱ्या आईबापानं स्वतः, साक्षीदारांसमोर. बानूबाई, तुमचे मालक अंगदराव तयार आहेत. तुमचं काय?

बानूबाई: मी कवा न्हाई म्हनले? अक्काची कूस उजवंना, म्हनून मला दिवस जायच्या आधीच बोलले होते, हे लेकरू तुझं.

केवळाबाई: मंग रडायलीस कशाला, बाने?

बानूबाई: त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडले होते मी. पाळना हलला, तेवढं कळलं. तवापून मनाला सांगायले, मी दिलंच न्हाई, पोरगं अक्काकडं खेळायला गेलंय. पिंगळीला तुझं घर, कवाबी यावं, बघावं. आता हातानं दिलं की गेलं गं. मस्कतला कुठली यष्टी जाती?

केवळाबाई: मी जातच न्हाई. मालकाला सांगते, एकलेच जावा.

बानूबाई: येडी का काय! मस्कतच्या बापाचा फोटू उशाला घेऊन झोपतो त्यो. वकीलसाहेब, कसं द्यायचं ते सांगा.

वकील: कडेवर घ्यायचं आणि बहिणीच्या ओटीत बसवायचं. एवढंच.

बानूबाई: कडेवर?

वकील: का? काय झालं?

केवळाबाई: तिनं त्याला कवा उचलूनच घेतलं न्हाई, साहेब. लय येळा म्हनले, मावशी हायस, घे की. हात मागं घेती.

बानूबाई: घेतलं असतं तर सोडवलं नसतं मला.

वकील: बाई, द्यायच्या आधी घ्यावं तर लागंल.

केवळाबाई: बन्सी! ये बाबा, हिकडं ये. मावशीकडं जा. घे गं बाने. मन भरंपर्यंत घे.

वकील: साक्षीदारांना चहा पाजून आणतो मी. लवकर येत नाही.