चौदा पौंडांचा चाप

…आणि वर म्हणतात, वेंडेल झोपा काढतो! अहो, झोपा कसल्या? सार्जंट ओरडते, "फायर!", आमच्या सतरा बंदुका एकदम धडाड… आणि मग, तुमचं एक घोट पाणी पिऊन होईल इतक्या वेळानं, माझी एकट्याची, अठरावी… फट्ट! सहा वर्षं, तुम्हाला सांगतो, दर जुलैत, वर्मॉंटच्या त्या माळावर, सगळ्या गावासमोर! नुसत्या दारूचे बार, गोळी नाही, अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकनांनी इंग्रजांशी दिलेल्या लढाईचं सोंग, सगळं कबूल. पण हसू खरंच असतं ना लोकांचं! मी मंद नाही हो, चाप जड!

बंदूक जुन्या चालीची, गारगोटीची, पण बनवलेली नवी. आणि बनवणाऱ्यानं आत घातलेली स्प्रिंग बंदुकीची होती की गॅरेजच्या दाराची, देव जाणे! मासे तोलायचा काटा चापाला अडकवून ओढला… चौदा पौंड! सार्जंट बर्निसला, म्हणजे आमच्या शाळेतल्या कसरतीच्या बाईंना, काटाच दाखवला. म्हटलं, मी मंद नाही, चाप जड! तर म्हणते कशी, "या वर्षी उशीर झाला ना वेंडेल, तर पहिल्या रांगेतून बाहेर! बादली घे आणि पाणी वाटत फिर!" अहो, त्या रांगेत उभं राहायला मी वर्षभर जगतो, खोटं कशाला बोलू?

मग काय, काढले बंदुकीचे दोन लांब स्क्रू. गारगोटी आपटणाऱ्या घोड्याला अडवून धरणारी आतली खिटी बघतो तर टोक करवतीसारखं खरखरीत! तेल लावून दगडावर घासलं, तेही जपून, कारण कोन बदलला की घोडा आपला आपण पडणार आणि शेजाऱ्याची भुवई जाणार. स्प्रिंग पातळ केली. बसवा, ओढा, काढा, घासा… तीन रविवार! बायको म्हणे, "चर्चला येताय, की त्या चापाचीच प्रार्थना चाललीय?" पण उतरला की नाही काटा पाचावर? लढाईआधीच्या तपासणीत बर्निसनं घोडा अर्धा चढवून चाप खसाखसा ओढून पाहिला. घोडा पडला नाही. पास!

लढाईचा दिवस. "फायर!"… अठराच्या अठरा एकदम! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

धूर सरला… आणि समोर इंग्रजांचा कॅप्टन रोलंड तस्साच उभा! हा एरवी दातांचा डॉक्टर. दरवर्षी गिरकी घेऊन, टोपी उडवून असा काही मरतो की बायका रुमाल काढतात, आणि तो मेला की आम्ही जिंकतो. आता छातीवर हात ठेवून माझ्याकडे टकामका बघतोय! दुसरी फैर… उभा. तिसरी… उभाच! दारू संपली. बर्निस दात-ओठ खात, "रोलंड, मर की रे!" तर तो माळापलीकडून ओरडतो, "कसा मरू? वेंडेलचा बार कुठाय?"

सहा वर्षं हा बाबा माझ्या त्या एकट्या फट्टवर मरत होता! सतरांच्या धुरात कोण बघणार याची गिरकी?

गावाच्या इतिहासात पहिल्यांदा आम्ही शरण गेलो. संध्याकाळी बर्निसनं हुकूम काढला, "वेंडेल पहिल्या रांगेतच राहील. मात्र सगळ्यांचे बार झाले की मनात तीन मोजून मगच चाप ओढेल."

आता कोणी हसलं तर काय सांगू, तुम्हीच सांगा? चाप हलका आहे हो… मंद मीच!