डिस्कचा बांध

काय सांगू, नव्वदच्या पुढची गोष्ट. वालूरच्या घरात कॉम्प्युटर एक आन् आमी भाऊ दोन. कॉम्प्युटर चालवायची सिस्टीम मला डॉस पाहिजे, धाकट्या दत्ताला युनिक्स. मी डिस्कचे दोन सारखे वाटे पाडले, एकेकात एकेक बसवलं. पण दत्ताला जागा पुरेना. मी परभणीला गेल्याचं बघून पठ्ठ्यानं मधली हद्द माझ्याकडं सरकवली. त्यात दोन्ही वाटे साफ पुसले गेले, माझा कॉलेजचा अख्खा प्रोजेक्ट गेला.

"जरासंच सरकवलं रे दादा!"

मी चप्पल उचलली. आमचे वडील, अण्णा, मधे आले आन् त्याच्यावरच खेकसले, "गधड्या, बांध असा कोरतेत का? तुझ्या चुलत्यानं दरसाल बोटभर कोरत माझं अर्धं एकर खाल्लं, पण उभ्या पिकाला कधी धक्का लावला न्हाई!"