ओलावीच्या माशांची अंडी

...नाही, पण अंडी घालणं वेगळं आणि अंडी फुटणं वेगळं, हे मला आधी कुणी सांगायला नको होतं? घालते हो ती, खुशाल घालते, शंभर-शंभर घालते, काचेवर साबुदाणा चिकटवावा तशी ओळीनं चिकटवत जाते, आणि चार दिवसांनी बघावं तर सगळी पांढरीफटक, वर कापसासारखी बुरशी! तुम्हाला सांगतो, कॅनडात, थंडर बेच्या कागद गिरणीत मी चाळीस वर्षं काढली, धावत्या मशीनवर माझा कागद फाटला म्हणून कधी कुणाची बोलणी खाल्ली नाहीत, आणि या मोहरीएवढ्या अंड्यांनी मला पार रडवलं!

बरं, मासे माझे नाहीतच मुळी. ओलावीचे. ओलावी म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरचा. चाळीस वर्षांत चाळीस वाक्यं बोलला असेल. लोक म्हणतात आम्ही फिनिश माणसं अबोल, आणि आम्ही फिनिश माणसं ओलावीला अबोल म्हणतो, आता समजा! मी आईवर गेलोय, माझं सोडा. तर त्याला बायको नाही, मूल नाही, तळघरात नुसत्या काचेच्या टाक्या, आणि टाकीत हे कॅटफिश. बोटाएवढे, मिशाळ, दिवसभर वाळू हुंगत फिरणार, काहीतरी हरवल्यासारखे. बावीस वर्षं एकच घराणं त्यानं वाढवलेलं. आमच्या मासेवाल्यांच्या क्लबात 'ओलावीचे कॅटफिश' म्हटलं की लोक कॉफीचा कप खाली ठेवायचे.

ऑक्टोबरात हा पायरीवरून घसरला, खुबा मोडला आणि गेला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. तिथली बाई म्हणते कशी, "मांजर चालेल, मासे नाही चालणार, पाणी सांडतं." मांजर काय सांडत नाही का हो? पण नियम म्हणजे नियम. मग ओलावीनं बादलीत सहा मासे घालून माझ्या हातात दिले. पाच नर, एक मादी, तीही म्हातारी. म्हणाला, "अंडी घालेल. पिल्लं काढ." झालं! ना कसं, ना कधी, ना कितीदा. आणि दर रविवारी जेवणानंतर फोन. मी उचलतो, मी म्हणतो हॅलो, मी म्हणतो कसा आहेस, आणि पलीकडून एकच शब्द, "अंडी?"

क्लबाची सेक्रेटरी बर्निस, ती शाळेत शिक्षिका होती आणि अजून आहे असं तिला वाटतं. ती म्हणाली, "आर्वो, गार पाणी घाल, त्यांना पाऊस आल्यासारखं वाटलं पाहिजे!" नोव्हेंबरात, बाहेर बर्फ, आणि मी तळघरात बसून माशांना पाऊस आल्याचं भासवतोय! पण वाटलं हो त्यांना. सकाळी खाली गेलो तर काचेवर साठ-सत्तर अंडी! मी धावत वर, सिर्काला, म्हणजे बायकोला, हाक मारली, "सिर्का, घातली! घातली!" ती म्हणाली, "आधी बूट काढ." बूट काढून, तिला घेऊन खाली येईतो दहा मिनिटं गेली असतील... काच स्वच्छ! बापांनी खाल्ली! पाचही बाप मिशा हलवत उभे, आम्ही नाही त्यातले, असं तोंड करून!

रविवारी फोन. "अंडी?" म्हटलं, "होती."

मग दुसरी खेप. या वेळी मी शहाणा, अंडी दिसताच सिर्काच्या लायब्ररीच्या कार्डानं काचेवरून अलगद खरवडून वेगळ्या भांड्यात घेतली. मोजली, एकशे बारा! पण डिसेंबरात आमचं तळघर म्हणजे मासळी ठेवायचं शीतकपाट, त्यात कशी फुटणार? म्हटलं, सौना, म्हणजे आमचं वाफेचं न्हाणीघर, त्याच्या बाहेरची कपडे बदलायची खोली, तिथं छान उबदार असतं, तिथं ठेवू. आणि शनिवारी कोण आलं? माझी मेहुणी हेल्वी! तिला टॉवेल ठेवायला जागा हवी, तिनं माझं भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं... वरच्या बाकावर! ऐंशी डिग्री! मी विचारलं, "हेल्वी, त्यात काय होतं दिसलं नाही?" म्हणते, "मला वाटलं, सुगंधी काहीतरी असेल." एकशे बारा अंडी, अहो, उकडली!

रविवारी फोन. "अंडी?" काय सांगू? म्हटलं, "हेल्वी आली होती." पलीकडून तो म्हणाला, "अच्छा." हेल्वीला तोही ओळखतो.

फेब्रुवारीत तिसरी खेप. आता मी चंगच बांधला. बर्निसनं दिलेलं बुरशीचं निळं औषध आणलं, भांड्यात चार थेंब टाकायचे तर बाटली निसटली, सिर्काचं नवं पांढरं सिंक निळं, माझी दाढी निळी, चर्चमध्ये पाद्रीबुवा माझ्याकडे बघून प्रार्थनेची ओळ विसरले. सिर्का पंधरा दिवस बोलली नाही, म्हणजे नेहमीपेक्षा थोडं कमी बोलली. बर्फात गुडघाभर बुडत अल्डरच्या झाडाची वाळकी बोंडं आणली, पाणी तपकिरी करायला, त्यानं म्हणे बुरशी धरत नाही. रोज पांढरी पडलेली अंडी चिमट्यानं वेचून फेकायची. नव्वदाची चाळीस झाली, चाळीसची वीस... आणि पाचव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, भांड्याच्या तळाला काहीतरी हललं. पापणीच्या केसाएवढं. अकरा होती! अकरा! रविवारी फोन वाजला आणि त्यानं "अंडी?" म्हणायच्या आत मी ओरडलो, "अकरा पिल्लं!" आणि ओलावी हसला! चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी ते हसू, गिरणीच्या जुन्या पट्ट्यासारखा आवाज. वृद्धाश्रमातली बाई नंतर म्हणाली, त्यानं दारादारात जाऊन सांगितलं, मजल्यावरच्या प्रत्येकाला. दारादारात! ओलावीनं!

आणि मग ती मरायला लागली.

खायला जास्त घातलं तर पाणी नासायचं, कमी घातलं तर उपाशी. अकराची आठ. आठाची चार. शेवटचं एक राहिलं होतं ते नऊ दिवस जगलं. सिर्का बोलत नव्हती ना माझ्याशी? मी खाली गेलो तर ही भिंग घेऊन भांड्यापाशी बसलेली, मला म्हणाली, "हळू चाल, ते झोपलंय." ते झोपलेलं नव्हतं हो.

रविवारी फोन. आता शब्द बदललेला. "पिल्लं?" सांगा, तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हटलं, "वाढताहेत." दर रविवारी वाढवत गेलो मी ती. एवढी झाली, मिशा फुटल्या, वाळू हुंगायला लागली. मला वाटलं, टेकडीवरून येतोय कशाला हा! तर मार्चअखेर म्हणतो कसा, "ईस्टरला येतो. बघायला."

धावलो बे स्ट्रीटच्या मागच्या दुकानात, तिथं होती छोटी कॅटफिश, मोजून अकरा घेतली. सिर्का म्हणाली, "आर्वो, म्हाताऱ्याला फसवू नकोस." म्हटलं, "मग तू सांग त्याला खरं." ती बटाटे सोलायला गेली.

ईस्टरला ओलावीला तळघरात उतरवायचा म्हणजे मी पुढून, सिर्का मागून, आणि हेल्वी वर उभी राहून सूचना देतेय! बसवला टाकीसमोर. किती वाळला होता... त्यानं चष्मा पुसला. कपाळ काचेला टेकवलं. पंधरा मिनिटं एकेक मासा न्याहाळला. शेवटी म्हणाला, "बे स्ट्रीटच्या मागचं दुकान. डावीकडे, खालची टाकी."

मी संपलो. भडाभडा सगळं ओकलो, बाप, सौना, सिंक, ते नऊ दिवसांचं, सगळं. म्हटलं, "ओलावी, मला माफ कर, बावीस वर्षांचं घराणं तुझं, माझ्या हातून..."

"माझीही कधी जगली नाहीत," तो म्हणाला.

काय?!

"बावीस वर्षांत एकही नाही. क्लबात कौतुक करायला लागले, मग सांगवेना. तिथूनच आणायचो. डावीकडची खालची टाकी." मग काचेवरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "तुला जमेल असं वाटलं होतं. तू अकरा म्हणालास ना, तेव्हा."

एका दमात एवढं तो आयुष्यात बोलला नसेल. मी शेजारी बसलो. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, पलीकडच्या टाकीत ती म्हातारी आली वर, आणि लागली चिकटवायला! एक, दोन, पाच... मागून पाचही बाप रांगेत, मिशा हलवत, एकेक मटकावताहेत! मी लायब्ररीचं कार्ड घेऊन उठलो, तर ओलावीनं बाही धरली.

"बस," म्हणाला. "खाऊ दे. दुकान मंगळवारी उघडतं."